मनाचा इलाज आणि दिवसाची मजुरी: कमी पैशात समुपदेशन कुठं आणि कसं मिळतं

मालेगाव म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यापुढं नाशिक जिल्ह्यातलं यंत्रमागाचं मालेगाव येतं. आम्ही बोलतोय ते वाशिम जिल्ह्यातलं, जुने लोक ज्याला मालेगाव जहांगीर म्हणतात ते. अकोल्याहून पातूर, मेडशी करत वाशिमकडं जाताना लागणारं तालुक्याचं गाव. ताप आला, पोट दुखलं, हात मोडला तर कुठं जायचं हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पण चार-चार महिने झोप लागत नाही, कामाला हात लागत नाही, छातीत धडधड होते आणि ईसीजी मात्र साफ येतो, तेव्हा काय करायचं? "डोक्याच्या डॉक्टरला दाखवा" असं कुणी सांगितलं तर पहिला प्रश्न असतो "लोक काय म्हणतील", आणि त्याच्या मागोमाग दुसरा, "किती पैसे लागतील". पहिल्या प्रश्नावर आपल्याकडं बरंच लिहिलं गेलं आहे. हा लेख दुसऱ्या प्रश्नावर आहे.

आधी हिशेब करून बघू. मोठ्या शहरात खासगी समुपदेशक एका बैठकीचे, म्हणजे सेशनचे, हजार रुपये सहज घेतो. काही ठिकाणी कमी, काही ठिकाणी दुप्पट. आपण हजारच धरू. बोलून करायचा उपचार एका भेटीत होत नाही, साध्या उदासीनतेलासुद्धा सहा ते आठ भेटी लागतात. म्हणजे आठ हजार रुपये. महाराष्ट्रात २०२४-२५ साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. त्या हिशेबानं ही सत्तावीस दिवसांची मजुरी झाली. त्यात प्रत्येक भेटीला एक दिवस बुडतो, म्हणजे आणखी आठ दिवस. गाडीभाडं वेगळंच. महिनाभर राबून मिळालेलं सगळं एका माणसाच्या मनावर खर्च करायचं, हा निर्णय रोजंदारीवरचं घर घेऊ शकत नाही. त्याला अडाणीपणा म्हणणं आम्हाला पटत नाही. तो साधा हिशेब आहे.

आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्यावरच ओझं जास्त आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यातले २६ टक्क्यांहून जास्त लोक रोजंदारी करणारे होते. राज्यांत महाराष्ट्र पहिला, २२,७४६. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं दिसलं आणि त्यातल्या बहुतेकांना उपचार मिळतच नव्हते. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हता, हेही इथं सांगून ठेवतो.

कुणाकडं जायचं, यातच अर्धे पैसे वाचतात

लोक सगळ्यांना एकच समजतात, आणि चुकीच्या दारात पैसे घालवून बसतात. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हा एमबीबीएसनंतर मनाच्या आजारांचं पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. तो गोळ्या लिहून देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, बोलून उपचार करतो आणि चाचण्या घेतो, गोळ्या देत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेकडं, म्हणजे आरसीआयकडं, त्याची नोंदणी असते. तो नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. समुपदेशक किंवा कौन्सेलर हा शब्द मात्र सैल आहे. मानसशास्त्रात एमए केलेलाही समुपदेशक आणि दोन दिवसांचं शिबिर करून पाटी लावणाराही समुपदेशक. दुसऱ्या प्रकारच्यांनी "पाच भेटींचं पॅकेज" सांगून आगाऊ पैसे मागितले तर तिथून उठलेलं बरं.

कानात आवाज येणं, कुणीतरी मागावर आहे असं वाटत राहणं, रात्र-रात्र झोप नसूनही अंगात जोर येणं, वाटेल तसा पैसा उधळणं, अशी लक्षणं असली तर नुसत्या बोलण्यानं भागत नाही. तिथं आधी मानसोपचारतज्ज्ञ आणि गोळ्या. उलट उदासी, काळजी, घरातला ताण, बाळंतपणानंतरचं रडू, दारूची लत सुटू पाहणारा माणूस, इथं बोलण्याचा उपचार खूप काम करतो. पुष्कळदा दोन्ही लागतात.

देशात मानसोपचारतज्ज्ञ किती? लाख लोकांमागे ०.७५, म्हणजे एक पूर्ण माणूससुद्धा वाट्याला येत नाही. तेही बहुतेक शहरात. त्यामुळं "स्वस्त डॉक्टर शोधा" हा सल्ला फार पुढं जात नाही.

फुकट मिळणारं काय आहे

सगळ्यात जवळचं दार फोनमध्ये आहे. १४४१६. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. दिवसरात्र चालते, फोनचे पैसे पडत नाहीत, मराठीतही आणि हिंदीतही बोलता येतं. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर वरच्या तज्ज्ञाकडं जोडून देतो. नाव सांगितलंच पाहिजे असं नाही. घराबाहेर एकटीनं जाणं ज्या बायांना जमत नाही त्यांच्यासाठी आम्हाला हा मार्ग मोलाचा वाटतो. अडचण एवढीच की दोन खोल्यांच्या घरात मन मोकळं करायला कोपरा मिळत नाही. गच्ची, मागचं अंगण, बहिणीचं घर, जिथं जमेल तिथून बोला.

दुसरं दार जिल्हा रुग्णालयाचं. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ चा. कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात निम्हान्सनं आधी करून पाहिलेला नमुना पुढं देशभर नेला गेला. यात जिल्ह्याला एक पथक असावं अशी रचना आहे: मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोविकार सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका. पथकानं ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणीही तपासणी करायची असते. म्हणून मालेगावच्या माणसानं आधी गावातच, ग्रामीण रुग्णालयात, विचारावं की मानसिक आजाराची ओपीडी कुठल्या वारी असते. इथं नसेल तर वाशिम, वीसेक किलोमीटर. वार विचारल्याशिवाय निघू नका, कारण एक फुकट चक्कर म्हणजे एक दिहाडी गेली, आणि माणूस पुन्हा जायचं नाव काढत नाही.

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरसकट सगळे उपचार मोफत झाले आहेत. वैद्यकीय शिक्षण विभागाकडची, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजची रुग्णालयं त्या निर्णयात नव्हती. वाशिमला २०२४ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं आहे, तेव्हा कुठल्या खिडकीवर काय पैसे पडतात ते तिथंच विचारून घ्यावं. प्रवासाचं म्हणाल तर १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, आणि ७५ वर्षांवरच्यांना फुकट. आठ फेऱ्यांचा हिशेब केला तर ही रक्कम लहान नाही.

वयात आलेल्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक असतं. परीक्षेची भीती, घरातला मार, मोबाइलवरून कुणी दिलेला त्रास, यासाठी तिथं समुपदेशक बसतो. बहुतेक आई-बापांना हे माहीतच नसतं.

शेतकरी घरांसाठी २०१५ पासून प्रेरणा प्रकल्प आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत तो सुरू झाला, त्यात वाशिम आहे. आशाताईंनी घरोघर जाऊन खचलेला माणूस ओळखायचा आणि दवाखान्यापर्यंत न्यायचा, अशी त्याची रीत. तुमच्या मोहल्ल्याच्या आशाताई कोण ते बहुधा तुम्हाला ठाऊकच असेल. लसीकरणाला येतात त्याच. त्यांना हेही विचारता येतं.

हक्क म्हणून काय मागता येतं

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या १८व्या कलमानं सरकारी खर्चानं चालणारी मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क केला. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, हातात पिवळं कार्ड असो की नसो, आणि बेघर माणसाला सरकारी किंवा सरकारी मदतीवरच्या संस्थेत उपचार मोफत मिळाले पाहिजेत, असं कलमात स्पष्ट आहे. "कार्ड नाही तर पैसे भरा" असं कुणी म्हटलं तर हे कलम सांगावं. २३वं कलम गुप्ततेचं. तुमच्या आजाराची माहिती डॉक्टर किंवा दवाखाना तुमच्या मर्जीशिवाय इतरांना सांगू शकत नाही. लहान गावात हे कलम पैशाइतकंच महत्त्वाचं आहे, कारण मुलीचं स्थळ मोडेल या धास्तीनं लोक जवळचा फुकटचा दवाखाना सोडून लांबचा महागडा गाठतात. २७व्या कलमानं मोफत कायदेशीर मदत मिळते. ११५व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं, त्याच्यावर खटला भरत नाहीत. "पोलीस केस होईल" म्हणून त्याला घरातच ठेवू नका.

विम्याबद्दल थोडक्यात. कायद्याच्या २१व्या कलमानं विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायला सांगितलं आहे. पण आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कार्ड दाखल झालेल्या रुग्णासाठी असतं. दर आठवड्याला जाऊन बोलून येण्याचे पैसे त्यातून मिळत नाहीत. बोलण्याच्या उपचारासाठी हे कार्ड घेऊन धावपळ करू नये.

शेजारच्या जिल्ह्यात काय झालं

आता आमच्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. डॉक्टर इतके कमी आणि फी इतकी जास्त, तर बोलण्याचा उपचार डॉक्टरशिवाय होऊ शकतो का? हा प्रश्न आपल्याच भागात तपासून झाला आहे.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. शेतकरी आत्महत्यांमुळं विदर्भाचं नाव देशभर झालं होतं तो काळ. गोव्यातल्या संगाथ या संस्थेचा त्यात मोठा वाटा होता. रचना पायऱ्यांची. गावातल्याच कार्यकर्त्या घरोघर जाऊन उदासीची ओळख करून देत, प्राथमिक आधार देत. त्यांच्या वर प्रशिक्षण दिलेले समुपदेशक, तेही डॉक्टर नव्हेत. आणि फारच अवघड रुग्णासाठी मानसोपचारतज्ज्ञ. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातल्या जेमतेम चौघांनी (४.३ टक्के) कुठं मदत मागितली होती. दीड वर्षानं हा आकडा २७.२ टक्क्यांवर गेला. गेल्या वर्षभरात मरणाचे विचार आले असं सांगणारे ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. २०१७ मध्ये हे निष्कर्ष लॅन्सेट सायकियाट्री या नियतकालिकात छापून आले. वऱ्हाडातली माणसं मनाचं बोलत नाहीत असं जे म्हणतात, त्यांनी हे आकडे बघावेत. विचारणारं माणूस ओळखीचं असेल आणि दारात आलेलं असेल तर माणसं बोलतात.

गोव्यात संगाथनं याहून काटेकोर तपासणी केली. १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेले ४९५ लोक. अर्ध्यांना नेहमीची, थोडी सुधारलेली सेवा, अर्ध्यांना त्यासोबत सहा ते आठ भेटींचं समुपदेशन. समुपदेशक कोण? आसपासचीच, शाळा पूर्ण केलेली, तयार केलेली माणसं. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर होते, दुसऱ्या गटात ३९ टक्के.

त्या भेटींत होतं काय? यात जादू काही नाही. उदास माणूस हळूहळू एकेक काम सोडतो. दुकान उघडणं, शेजारी जाणं, नमाजेला जाणं, पोरांसोबत बसणं. जितकं सोडतो तितका आणखी खचतो. समुपदेशक त्याच्यासोबत बसून दिवस मांडतो, एक छोटं, जमेल असं काम ठरवतो, पुढच्या वेळी ते झालं का विचारतो, नाही झालं तर का अडलं ते बघतो. सोबत झोप, काळजीचं चक्र, घरातल्या कुणाशी बोलायचं, असे विषय. हे ऐकायला सोपं वाटतं पण शिकावं लागतं. गोव्यात समुपदेशक एकमेकांच्या ध्वनिमुद्रित बैठका ऐकून चुका दाखवत. ही देखरेख काढली तर उरतो तो नुसता उपदेश, आणि उपदेश आपल्याकडं कमी नाही.

पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात हेच काम लेडी हेल्थ वर्करनी, म्हणजे तिथल्या आशाताईंनी केलं. २००८ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या अभ्यासात, बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा या भेटी मिळालेल्या आयांपैकी २३ टक्के अजून नैराश्यात होत्या, इतर आयांमध्ये ५३ टक्के. झिंबाब्वेत दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसून आज्या हेच करतात. आणि दुसऱ्या मालेगावच्या जिल्ह्यात, म्हणजे नाशिकच्या पेठ तालुक्यात, 'आत्मीयता' कार्यक्रमानं आणखी एक गोष्ट जोडली: गावातले स्वयंसेवक बोलतही आणि पेन्शन, रेशनसारख्या योजनांचे कागद भरायलाही मदत करत. आम्हाला हे फार पटतं. ज्या विधवेचं रेशन बंद पडलंय तिला नुसतं "सकारात्मक राहा" सांगून काय होणार?

अशा कामांचं दुखणं एकच. निधी असेपर्यंत प्रकल्प असतो. निधी संपला की शिकलेली कार्यकर्ती पुन्हा दुसऱ्या कामाला लागते. सरकारनं हे काम कायमचं आणि मोबदला देऊन आशाताईंकडं सोपवावं. आधीच शंभर कामं अंगावर असलेल्या बाईला हे एकशे एकावं काम फुकट सांगू नये.

दर्गा, दुआ आणि दवा

आपल्या भागात मनाचा रुग्ण आधी कुठं जातो हे लपवण्यात अर्थ नाही. बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. वेडसर झालेला, "बाहेरचं लागलेला" माणूस तिथं नेऊन ठेवायची रीत जुनी आहे, आणि नेणाऱ्यांत सगळ्या जातिधर्मांचे लोक असतात. लोक तिथं जातात कारण तिथं फी नाही, पाटीवर "मनोरुग्ण" लिहिलेलं नाही आणि कुणी घाई करत नाही. दवाखान्यांनी यातून शिकण्यासारखं आहे.

पण दुसरी बाजूही बघावी लागते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडी दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळीनं बांधलेले २८ रुग्ण जळून गेले. आता २०१७ च्या कायद्याच्या ९५व्या कलमानं मनोरुग्णाला साखळीनं बांधायला बंदी आहे, मग ते कुठलंही ठिकाण असो. आणि ताईत, उतारा, मुक्काम यांवर हप्त्याहप्त्यानं गेलेला पैसा मोजला तर अनेक घरांत तो समुपदेशनाच्या फीपेक्षा कमी भरत नाही.

गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथं मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून 'दवा आणि दुआ' कार्यक्रम चालू झाला. दुआ मुजावर करतील, त्याच आवारात डॉक्टर तपासतील. मुजावरांनाच लक्षणं ओळखायला शिकवलं आणि तेच लोकांना "इथंही दाखवून घ्या" म्हणून पाठवू लागले. दुआ सोडायची अट नाही, दवाखाना शोधायचा खर्च नाही. आपल्या विभागातल्या दर्ग्यांच्या विश्वस्तांनी हा नमुना एकदा जाऊन बघावा असं आम्हाला वाटतं. आपल्या इतिहासात हे नवीनही नाही. १२८४ मध्ये कैरोत सुलतान कलावूननं बांधलेल्या बीमारिस्तानात मनाच्या रुग्णांनाही जागा होती, आणि खर्च वक्फच्या उत्पन्नातून चाले.

मोहल्ल्यात काय करता येईल

मोठी इमारत लागत नाही. मदरशाची किंवा अंजुमनची एक खोली, जिथं दार बंद करून बोलता येईल, आठवड्यात एक दिवस. जिल्हा पथकाला लेखी पत्र देऊन महिन्यातून एकदा इथं या म्हणून मागणी. बैतुलमालमधून रुग्णाच्या एसटीचे आणि बुडालेल्या मजुरीचे पैसे. जकातीची रक्कम यासाठी कशी द्यायची याचा मसला आपापल्या मुफ्तीसाहेबांना विचारावा. गरजू माणसाच्या हातात देणं आणि संस्थेला फी भरणं यात फरक पडू शकतो. इमामसाहेबांनी जुम्याच्या बयानात १४४१६ हा आकडा एकदा सांगितला तर आमच्या अख्ख्या लेखापेक्षा जास्त कानांपर्यंत तो जाईल.

खासगीतच जायचं असेल तर पहिल्याच फोनवर विचारा: फी कमी होते का, पंधरा दिवसांतून एकदा आलो तर चालेल का, मधली भेट फोनवर होईल का, साधारण किती भेटी लागतील. बरेच जण उत्पन्न बघून फी घेतात, पण आपण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. घासाघीस करतोय असं वाटून घेऊ नका. आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंत काहीच फरक नसेल तर तसं तोंडावर सांगा, उपचाराची दिशा बदलणं हे त्यांचं कामच आहे. गोळ्या चालू असतील तर त्या मात्र पैसे संपले म्हणून मनानं बंद करू नका. सरकारी दवाखान्यात चिठ्ठी दाखवून त्याच औषधाची चौकशी करा.

घरातलं कुणी "मला जगायचं नाही" म्हणत असेल तर ओपीडीच्या वाराची वाट बघू नका. १४४१६ लावा, नाहीतर १०८ ची गाडी बोलवा, माणसाला एकटं सोडू नका, आणि फवारणीचं औषध घरातून काढून कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवा. पहिल्यांदा दवाखान्यात जाताना आधार कार्ड, रेशन कार्ड, जुन्या चिठ्ठ्या, चालू असलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत घ्या. काय होतंय, कधीपासून, रात्री किती झोप, हे चार ओळींत कागदावर लिहून न्या. लिहिता येत नसेल तर पोराकडून लिहून घेऊ नका, शेजारच्या बाजी किंवा आशाताईंकडून घ्या, म्हणजे खरं लिहिता येईल.